ओजसचा घोडा

उज्ज्वलाबाई माळवदे यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि ओजसचा घोडा केतकीच्या वाट्याला आला.

घोडा म्हणजे घरातला रोजचा खेळ. ओजसला पलंगावर उताणं ठेवायचं, त्याचे पाय गुडघ्यात दुमडून छातीकडे न्यायचे आणि 'चल घोड्या बाजाराला' म्हणत ते आलटूनपालटून हलवायचे. तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला ओजस हसायचा. तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून, घशाच्या तळापासून. ओजस एकोणतीस वर्षांचा होता. त्याला बोलता येत नव्हतं, बसता येत नव्हतं, हातात काही धरता येत नव्हतं. जन्मताना श्वास अडकला आणि मेंदूचा मोठा भाग तेव्हाच गेला होता. पण तो हसायचा. मिरजेतल्या त्यांच्या गल्लीत त्याला सगळे हसरा ओजू म्हणत, आणि उज्ज्वलाबाई आल्यागेल्याला घोडा करून दाखवत.

केतकी त्याची मोठी बहीण. बारा वर्षं ती कोल्हापूरला एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. आई न्हाणीघरात घसरून पडल्याचं कळल्यावर तिनं सांगलीच्या शाखेत बदली मागून घेतली. आईनं तिला बोलावलं नव्हतं. "हात मोडलाय, जीभ नाही," एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

त्या दिवशी शेजारच्या गुरवबाई नव्या सुनेला घेऊन आल्या होत्या. उज्ज्वलाबाईंनी खुर्चीतूनच हुकूम सोडला, की केतकी, सूनबाईंना आपला घोडा दाखव. केतकीनं ओजसचे पाय हातात घेतले. डावी मांडी वर नेली तेव्हा तिच्या तळव्याखाली, खुब्याच्या जागी, काहीतरी सरकलं. कपाटाचा खण रुळावरून उतरतो तसं. त्याच क्षणी ओजस हसला. गुरवबाईंच्या सुनेनं टाळ्या वाजवल्या. केतकीचं लक्ष त्याच्या वरच्या ओठाकडे होतं. तिथे घामाचे बारीक थेंब आले होते.

पलंगाजवळच्या पडद्यावर हिरवा आकडा होता. एक.

पाहुण्या गेल्या. ओजस शांत पडून पंख्याकडे बघत राहिला. काही वेळानं आकडा चढू लागला, नारिंगी झाला, सहावर थांबला. ओजसच्या पोटाच्या कातडीखालून टिक असा आवाज आला. पंपानं औषध सोडलं होतं.

"बघितलंस?" उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "माणसं गेली की असा होतो. गप्प झाला की समजायचं, दुखतंय. हे शिकायला एकोणतीस वर्षं जवळ बसावं लागतं."

वेदनापट्टी येऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. दुखणं मेंदूत एका जागी नसतं. पायात काटा गेला की मेंदूतले अनेक भाग एकदम जागे होतात. एक सांगतो कुठे, दुसरा सांगतो किती, तिसरा ते नकोसं करून टाकतो, आणखी एक त्याची आठवण ठेवतो. या सगळ्यांचा मिळून विद्युत लहरींचा एक ठसा उमटतो. कानामागे चिकटवलेली पट्टी तो ठसा वाचते. अडचण अशी, की हा ठसा प्रत्येकाचा निराळा असतो, आणि ज्यांच्या मेंदूला जन्मताच इजा झालेली असते त्यांचा तर कशाशीच जुळत नाही. म्हणून पट्टीला आधी शिकवावं लागतं. बोलणारा माणूस आपण होऊन सांगतो, आता दुखतंय, आता थांबलं. न बोलणाऱ्यासाठी कायद्यानं एक पद निर्माण केलं, जाणकार. त्या माणसाला सर्वांत जास्त ओळखणारी एक व्यक्ती. एकच, कारण दोघांनी शिकवलेलं यंत्र गोंधळतं. जाणकारानं सहा महिने फोनवरची दोन बटणं दाबायची, 'दुखतंय' आणि 'दुखत नाही'. यंत्र त्या त्या क्षणाचा ठसा टिपून घेतं आणि पुढे स्वतःच शून्य ते दहा आकडा सांगू लागतं. आकडा चारच्या वर गेला की पंप औषध देतो. औषधही नवं होतं. ते फक्त दुखण्याच्या वाटा अडवायचं. त्यानं गुंगी येत नसे, आनंद मरत नसे.

पट्टी आल्यापासून डॉक्टर न बोलणाऱ्या रुग्णाच्या चेहऱ्याकडे फारसे बघेनासे झाले होते. आकडा असताना चेहरा कशाला? ओजसचा डावा खुबा सोळाव्या वर्षीच निखळला होता, मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीच्या बाहेर आला होता. एक्स-रेमध्ये तो नवख्यालाही दिसला असता. पण पोरगा हसतोय म्हणजे त्रास नाही असं त्या वेळच्या डॉक्टरांनी ठरवलं, आणि पुढे पट्टीनंही तेच सांगितलं. आकडा एक असलेल्या माणसावर कोण शस्त्रक्रिया करणार?

केतकीच्या मनात आलेला संशय तिच्या रोजच्या कामातून आला होता. दुधातली स्निग्धता मोजणाऱ्या यंत्राला रोज सकाळी एक प्रमाण नमुना पाजावा लागतो. हे खरं दूध, बाकीचं याच्याशी ताडून बघ, असं त्याला सांगावं लागतं. सांगलीला ती रुजू झाली त्याच आठवड्यात एका नवशिक्यानं पाणी मिसळलेल्या दुधाची बाटली प्रमाण म्हणून लावली. दुपारपर्यंत यंत्र भेसळीचं दूध पास करत होतं आणि चांगलं दूध परत पाठवत होतं. गवळी बाहेर शिव्या देत होते. यंत्रात काडीचा बिघाड नव्हता. त्याला जे शिकवलं होतं ते ते चोख पाळत होतं.

त्या संध्याकाळी केतकी घरी आली तेव्हा ओजस शांत पडला होता आणि आकडा नारिंगी होता. ती दारातच थांबली.

पुढचे काही दिवस ती फक्त बघत राहिली. ओजस नेमका केव्हा हसतो? लंगोट बदलताना. पलंगावरून खुर्चीत नेताना. डाव्या कुशीवर वळवल्यावर. आईनं घोडा केल्यावर. हसताना त्याच्या पायाची बोटं ताठ होत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होत. टीव्हीवर गाणं लागलं, खिडकीत चिमणी आली, जिभेवर श्रीखंड ठेवलं, तर तो हसत नसे. गप्प व्हायचा. आणि गप्प झाला की पंप टिक करायचा.

तिनं आईला सांगितलं तेव्हा उज्ज्वलाबाई डाव्या हातानं भाजी निवडत होत्या. काही दिवस घोडा बंद ठेवू, केतकी म्हणाली. त्याचा खुबा दुखत असावा आणि ते हसणं नसावं.

उज्ज्वलाबाईंनी मान वर केली नाही. "हसणं नसावं. मग काय आहे, शिंक?"

"आई, यंत्राला तू शिकवलंस. तो हसला की तू 'दुखत नाही' दाबलंस. गप्प झाला की 'दुखतंय'. उलटं असेल तर?"

"उलटं." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "बारा वर्षं दिवाळीला येऊन दोन दिवस राहायचं आणि जाताना त्याच्या गालाचा मुका घ्यायचा. त्यातून तुला हे कळलं?"

"मी नमुना तपासून बघू एवढंच म्हणतेय."

"ते तुझं दूध नाहीये, लॅक्टोमीटर बुडवायला."

त्या संध्याकाळी केतकीनं घोडा करायला नकार दिला. उज्ज्वलाबाई उठल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, प्लास्टरचा हात ओजसच्या एका गुडघ्याला टेकवला, डाव्या हातानं दुसरा धरला आणि घोडा केला. ओजस हसला. त्या केतकीकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून घोडा सकाळ-संध्याकाळ होऊ लागला. केतकी कामाला निघायच्या आधी एकदा, ती परत आल्यावर एकदा. तिच्या देखत.

केतकी रुग्णालयात गेली. तिथल्या वेदनाचिकित्सा विभागात डॉ. बिलाल मुजावर होते. वयानं केतकीएवढेच, बोलायला सरळ. त्यांनी केतकीचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. हसण्याची आणि कण्हण्याची हालचाल घडवणाऱ्या पेशी मेंदूच्या बुंध्यात जवळजवळ असतात, त्यांनी सांगितलं. वरच्या भागाचा त्यांच्यावर ताबा असतो. तो ताबा गेला तर आत एक घडतं आणि चेहऱ्यावर दुसरंच उमटतं. दुखल्यावर हसणारे रुग्ण दुर्मीळ असले तरी असतात. मग तुम्ही काहीतरी करा, केतकी म्हणाली. त्यांनी हात पसरले. आकडा एक असताना त्यांना काही करता येत नव्हतं, आणि आकड्याला आव्हान फक्त जाणकार देऊ शकत होता.

"खात्री करायची एक पद्धत आहे," ते म्हणाले. "खुब्याच्या सांध्यात भुलीचं इंजेक्शन द्यायचं. तासभर तो सांधा बधिर होतो, बाकी माणूस जसाच्या तसा राहतो. मग तुमचा तो घोडा करायचा. आनंदानं हसत असेल तर तेव्हाही हसेल. दुखून हसत असेल तर हसणार नाही. पण काकूंची संमती लागेल."

काकूंनी संमती दिली नाही. माझ्या लेकाच्या हसण्याला इंजेक्शन देणार का, असं त्यांनी डॉक्टरांना फोनवर विचारलं, आणि डॉक्टर उत्तर देईपर्यंत फोन ठेवला. केतकीनं मग जाणकार बदलून मिळण्यासाठी, जाणकार नेमणाऱ्या सरकारी मंडळाकडे अर्ज करण्याची धमकी दिली. त्यावर उज्ज्वलाबाईंनी कोल्हापूरच्या मावशीला, पुण्याच्या काकांना आणि गुरवबाईंना कळवलं, की पोरगी भावाचा ताबा घ्यायला आली आहे. मावशीनं केतकीला फोन करून रडत विचारलं, की आईच्या जिवावर का उठलीस. घरात दोघी आता फक्त ओजसच्या गरजेपुरतं बोलत. पाणी दे. उशी काढ. वळव. बोलताना दोघी ओजसकडे बघत, एकमेकींकडे नाही.

आणि एक दिवस जेवताना उज्ज्वलाबाईच म्हणाल्या, "घे तुझी परीक्षा."

केतकीचा घास हातातच राहिला.

"पण तो हसला तर तू या घरातून जायचं. त्याच दिवशी. आणि हा विषय पुन्हा कुणाकडे काढायचा नाही, मी मेल्यावरसुद्धा नाही."

"आणि नाही हसला तर जाणकार मी."

"हसेल गं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मी त्याची आई आहे."

केतकीनं आणखी एक अट घातली, आणि ती दोघींच्याही विरुद्ध होती. परीक्षा दोनदा व्हावी. एकदा भूल, एकदा नुसतं सलाईनचं पाणी. कधी काय ते डॉक्टरांनाच ठाऊक असावं. केतकीचा स्वतःवरही विश्वास नव्हता. औषध दिलंय असं माहीत असतं तर ओजसच्या हसण्यात तिला उणीव दिसलीच असती. उज्ज्वलाबाईंना मात्र यात डावपेच दिसला. "पाणी कशाला? म्हणजे हरलीस तर म्हणायला बरं, ते पाणी होतं." घोडा मात्र आपणच करणार, असं त्यांनी बजावलं. तोपर्यंत प्लास्टर निघालं होतं.

पहिल्या खेपेला ओजस हसला. तोंड उघडून, मान मागे टाकून, तपासणीची खोली दणाणून सोडत. उज्ज्वलाबाईंनी त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि परतताना बिनचालकाची रिक्षा मिठाईच्या दुकानापाशी थांबवायला लावून कंदी पेढे घेतले. गल्लीत वाटले. कशाचे पेढे असं कुणी विचारलं, की सांगत, "आमचा ओजू पहिला आला." एक पेढा त्यांनी केतकीच्या ताटाशेजारी ठेवला. केतकीनं तो खाल्ला नाही. दोन दिवस तो तिथेच होता, मग त्याला मुंग्या लागल्या.

पुढच्या आठवड्यात दुसरी खेप. मुजावरांनी सुई काढली, घड्याळ बघितलं, आणि थोड्या वेळानं मान हलवली. उज्ज्वलाबाईंनी पदर खोचला.

"चल घोड्या बाजाराला..."

ओजसची डावी मांडी वर गेली, खाली आली. तो आईच्या चेहऱ्याकडे बघत होता. उजवी, डावी. त्याची बोटं सैल होती. आणखी चार हेलकावे झाले. तो हसला नाही.

उज्ज्वलाबाईंनी आवाज वाढवला, हेलकावे वाढवले. खुर्चीत बसलेली केतकी उठून उभी राहिली. "आई," ती म्हणाली. उज्ज्वलाबाईंनी ऐकलं नाही. त्या आता जोरजोरात पाय हलवत होत्या, अंबाडा सुटून मानेवर आला होता, आवाज फाटला होता. हस. हस ना रे. घोडा आलाय तुझा, हस. आणि त्या सगळ्या गदागदा हलण्यात ओजसच्या पापण्या जड झाल्या, तोंड किंचित उघडं पडलं, आणि तो झोपला. दिवसा झोपलेला ओजस केतकीनं कधी पाहिला नव्हता. घोरत होता तो, हलकेच.

मुजावरांनी उज्ज्वलाबाईंचं मनगट धरलं. "काकू, पुरे."

तेवढ्यात टिक असा आवाज झाला. तिघांनी पडद्याकडे बघितलं. झोपलेल्या ओजसचा आकडा सात होता, लाल. पुन्हा टिक. निवांत पडलेल्या माणसाचा ठसा या यंत्राला सात वर्षांपूर्वी 'दुखतंय' म्हणून शिकवलेला होता, आणि यंत्र इमानानं काम करत होतं. मुजावरांनी घाईघाईनं पंप बंद केला.

"आज भूल होती," ते म्हणाले. "मागच्या वेळी पाणी."

ओजस तासभर झोपला. भूल उतरू लागली तसा जागा झाला, आणि केतकीनं त्याला कुशीवर वळवताच हसला. त्या हसण्याचा अर्थ आता खोलीतल्या सगळ्यांना कळत होता. उज्ज्वलाबाई उठून बाहेर जाऊन बसल्या.

निघताना मुजावरांनी दोघींना समजावलं, की जुनं शिक्षण पुसून पट्टीला पहिल्यापासून शिकवावं लागेल. खुब्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत सांधा बधिर ठेवता येईल. शिकवणीच्या काळात पंप आपोआप चालणार नाही, जाणकारानं 'दुखतंय' दाबलं की एक छोटी मात्रा जाईल आणि मिनिटभरात काम करेल. आणि सांधा बधिर असतानाही कधी कधी ते हसणं येईल. दुखणार आहे अशी भीतीही मेंदूत जवळपास तोच ठसा उमटवते. तीही वेदनाच धरायची, तिलाही औषध लागू पडतं.

उज्ज्वलाबाईंनी जाणकार बदलाच्या कागदावर सही केली. गाडीत त्या एकच वाक्य बोलल्या. "आता तुझं सगळं बरोबर असेल."

त्यांनी ओजसला हात लावणं सोडलं. केतकीनं सुट्टी घेतली होती. आंघोळ, लंगोट, वळवणं सगळं तीच करायची. त्या स्वयंपाक करून वाटी केतकीच्या हातात देत आणि देवघराशेजारच्या खोलीत जाऊन बसत. केतकी एकदा म्हणाली, भरव ना तू. "माझ्या हातानं दुखतं ना त्याला?" असं त्यांनी विचारलं, आणि केतकी वाटी घेऊन पलंगाकडे गेली.

ओजस आता हसत नव्हता. घर मुकं झालं. गुरवबाई खिडकीतून चौकशी करत, की ओजूचा आवाज नाही हल्ली, काय केलंत त्याला? "केतकीला विचारा," उज्ज्वलाबाई आतून उत्तर देत. "ती जाणकार आहे."

केतकी फोन हातात घेऊन पलंगापाशी बसे. दुखण्याचे नमुने तिला मिळत होते. झोपेचेही मिळाले. पण जागेपणीचा सुखाचा एक तरी नमुना यंत्राला हवा होता, आणि सुखात असलेला ओजस कसा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. एकोणतीस वर्षांत कुणी ते शोधलंच नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. तो चिमणीकडे बघून गप्प होई. हे सुख की कंटाळा? तिचा अंगठा बटणावर घोटाळत राही आणि क्षण निघून जाई. आईच्या जागी ती असती तर तिनंही हसण्यालाच हसणं म्हटलं असतं, हे तिला पक्कं कळत होतं. ते आईला सांगावं असं मात्र तिला वाटत नव्हतं.

एका दुपारी वरणभात कालवून झाला होता आणि केतकी न्हाणीघरात अडकली होती. वाटी निवत चालली. उज्ज्वलाबाईंनी सवयीनं स्वयंपाकघरातूनच हाक दिली, "आलं रे माझं सोनं, आलं."

ओजस हसला.

तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून. केतकी ओल्या हातांनी धावत आली. त्याला कुणी हात लावला नव्हता. सांधा बधिर होता. उज्ज्वलाबाई वाटी घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघ," त्या म्हणाल्या. "आता कुठे दुखतंय? मला ओळखून हसला तो. बघ की."

केतकीनं फोन उचलला. दोन बटणं. अंगठा दोन्हींच्या मधे. ओजसच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या का? खिडकीतून ऊन येत होतं, नीट दिसत नव्हतं. वरच्या ओठावर घाम होता, पण दुपारही उकाड्याची होती. उज्ज्वलाबाई तिच्याकडे बघत होत्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला.

"थांब," त्या म्हणाल्या.

त्या मागे फिरल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. ओजसचं हसणं ओसरलं, तो शांत झाला. मग त्या परत आल्या, हाक न मारता, बांगड्या दुसऱ्या हातानं दाबून धरून. पलंगापाशी येऊन त्याच्या नजरेसमोर उभ्या राहिल्या. ओजसनं त्यांच्याकडे बघितलं. हसला नाही. नजर वाटीकडे गेली, ओठ उघडले.

उज्ज्वलाबाई पुन्हा बाहेर गेल्या. या वेळी बराच वेळ गेला. मग भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, कापरा.

"आलं रे माझं सोनं."

ओजस हसला. पायाची बोटं ताठ झाली.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "दाब," त्या म्हणाल्या.

"आई, एवढ्यावरून नक्की सांगता येत नाही. अजून दोन-तीनदा बघायला हवं..."

"दाब म्हणते ना. दुखतंय म्हणून दाब. झालीस ना जाणकार? का माझा आवाज होता म्हणून हात चालत नाही?"

केतकीनं बटण दाबलं. टिक असा आवाज झाला. दोघी बघत राहिल्या. ओजसच्या घशातला आवाज आधी तुटक झाला, मग थांबला. मान उशीवर आली, बोटं सुटली. मिनिटभरात त्याचा चेहरा चिमणीकडे बघतानाचा झाला.

"गेलं?" उज्ज्वलाबाईंनी कुजबुजत विचारलं.

केतकीनं मान हलवली.

उज्ज्वलाबाईंनी हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि खिडकीत ठेवल्या. मग केतकीला खुणेनं बाजूला व्हायला सांगितलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या. त्याच्या मानेखाली नीट उशी सरकवली. चमच्यात वरणभात घेतला, फुंकर घातली, चमचा त्याच्या तोंडापाशी नेला. घास भरवताना म्हणायचे नेहमीचे शब्द त्यांच्या ओठांवर आले. ओठ हलले, आवाज निघाला नाही.

ओजसनं घास घेतला.